वाघांचा मधला मुलूख

चारठाणा हे गाव वाघासाठी कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात, जिंतूरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. लोक इथे थांबतात ते यादवकाळातल्या खुणा बघायला: गोकुळेश्वराचं देऊळ, उंच कोरीव दगडी स्तंभ, बारव. गावाबाहेर पडलं की सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा, आणि बांधावर बाभळी, बोरी, निंब. जंगल म्हणावं असं काही नजरेला पडत नाही. फार तर संध्याकाळी एखादं रानमांजर तुरीच्या ओळीतून पळताना दिसावं.

तरी मध्य भारतातल्या वाघांच्या जनुकांचा इतिहास सांगायचा तर ताडोबाच्या गेटवरून सुरुवात करून चालत नाही. ती अशाच एखाद्या गावापासून करावी लागते. वाघ जिथे राहतो ती जागा आपण नकाशावर हिरवी रंगवतो. एका हिरव्या ठिपक्यातून दुसऱ्यात तो ज्या जमिनीवरून चालत जातो, तिला नकाशात रंगच नसतो. मराठवाडा हा वाघांच्या दृष्टीने असा बिनरंगाचा मुलूख आहे, आणि गेल्या दोनशे वर्षांत वाघांनी जे गमावलं त्याचा मोठा भाग या रंग नसलेल्या जागेत गमावला आहे.

२०१९ साली हा मुलूख अचानक बातम्यांत आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण नर वाघाच्या गळ्यात फेब्रुवारीत रेडिओ कॉलर बसवली होती. कागदोपत्री नाव टी१-सी१, म्हणजे टी-१ या वाघिणीचा पहिला बछडा. (ही टी-१ म्हणजे २०१८च्या नोव्हेंबरमध्ये गोळी घातलेली ‘अवनी’ नव्हे, जिल्हा एकच असल्याने बातम्यांत दोघींची सरमिसळ होते.) जूनमध्ये त्याने टिपेश्वर सोडलं. मग आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशिम असं करत डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर १३०० किलोमीटर झाले होते. नंतरच्या भटकंतीसकट हा आकडा ३००० किलोमीटरच्या पुढे गेला आणि लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘वॉकर’. हिंगोली जिल्हा म्हणजे जिंतूर तालुक्याचा शेजार. ओढ्यांच्या काठाने, उभ्या पिकांतून, रात्री चालायचं आणि दिवसा झुडपात पडून राहायचं, अशी त्याची रीत. एवढ्या प्रवासात माणसांशी त्याची झटापट झाली ती एकदाच, झुडपात आराम करत असताना फोटो काढायला काही जण फारच जवळ गेले तेव्हा. कुणाला गंभीर इजा झाली नाही.

ज्ञानगंगा अभयारण्य अजिंठ्याच्या डोंगररांगेत आहे. हीच रांग पश्चिमेला वेरूळ-कन्नडच्या बाजूला जाते आणि पूर्वेला तिचे फाटे जिंतूर-हिंगोलीकडे उतरत जातात. या रांगेत बरोबर दोनशे वर्षांपूर्वी आणखी एक वाघ इतिहासात आला होता, तोही दुसऱ्याच कशाच्या तरी निमित्ताने.

२८ एप्रिल १८१९. तिसरं इंग्रज-मराठा युद्ध नुकतंच संपलं होतं. मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीला अजिंठ्याच्या खोऱ्यात आला आणि समोरच्या कड्यात त्याला एका लेण्याची कमान दिसली. दहाव्या लेण्यातल्या चित्रावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. कलेच्या इतिहासात ही गोष्ट ‘अजिंठ्याचा शोध’ म्हणून सांगितली जाते. (आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होतीच, पण ते असो.) या गोष्टीत वाघ नेहमी प्रस्तावनेपुरता येतो. मला वाटतं त्याच्याकडे थोडं थांबून बघायला हवं. १८१९ साली अजिंठ्याच्या डोंगरात वाघ असणं इतकं साधं होतं, की घोडदळाचा अधिकारी त्याच्यामागे सहज निघू शकत होता. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत ते साधेपण संपलं.

कसं संपलं हे सांगताना आपण शिकारीचे फोटो दाखवतो: हत्ती, हौदा, टोपीवाले साहेब, निजामाचे पाहुणे, पुढ्यात ओळीने मांडलेली कातडी. शिकार होतीच, आणि तिला सरकारी पैशाची जोड होती. ब्रिटिश अमलाखालच्या प्रदेशात हिंस्र प्राणी मारणाऱ्याला बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी काढलेला हिशेब असा, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ आणि दीड लाखाहून अधिक बिबटे मारले गेले. आज देशातले सगळे वाघ मिळून चार हजारही भरत नाहीत.

पण नुसत्या बंदुकीने मुलूख रिकामा होत नाही. वाघ मेला तरी रान असेल तर शेजारून दुसरा येतो. मधलं रान गेलं ते कापसाने. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. काळ्या मातीचे गवताळ पट्टे, पडीक रानं, झुडपी जंगल, सगळं झपाट्याने नांगराखाली आलं. १८७० साली खामगावच्या कापूसबाजारापर्यंत खास रेल्वेचा फाटा नेला गेला. नकाशा उघडून बघा: खामगाव ज्ञानगंगेपासून हाकेच्या अंतरावर आहे. १९००च्या सुमारास मनमाडहून निघून जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी रेल्वे निजामाच्या मुलखातून धावू लागली. मराठवाड्याचा कापूसही बाजाराला जोडला गेला. रेल्वेला सागवान लागलं, जिनिंगला जळण लागलं. डोंगरातलं रान आणि सपाटीवरचं रान यांच्यातला धागा असा जागोजागी तुटत गेला, आणि त्याची नोंद कुठल्याच शिकारवहीत झाली नाही.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. मराठवाड्यातून त्या यादीत काही नव्हतं. त्यात आश्चर्यही नव्हतं, कारण वाचवायला इथे वाघ उरलेच नव्हते.

आता जनुकांकडे वळू. ‘जनुकीय विविधता’ हा शब्द ऐकला की आपण मान डोलावतो आणि पुढचं स्क्रोल करतो. परभणीच्या माणसाला तो भेंडीवरून समजावा. भेंडीवर हळद्या पडतो. पानांच्या शिरा पिवळ्या होतात, पीक हातचं जातं, आणि कारण विषाणू असल्यामुळे फवारणीने तो रोग बरा होत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८०च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हे वाण दिलं, ते हळद्याला तोंड देणारं होतं. ही ताकद आली कुठून? शेतातल्या भेंडीत ती नव्हती. भेंडीच्या एका रानटी नातलगाशी ‘पुसा सावनी’ या वाणाचा संकर करून ती आणली. रानात कुठेतरी ते झाड शिल्लक होतं म्हणून ते जमलं. पुढे विषाणूही बदलला आणि क्रांतीचा जोर ओसरला, म्हणजे पुन्हा नव्या साठ्याकडे जाणं आलं. विविधता म्हणजे हा साठा. आज त्यातलं काय उपयोगी पडेल हे आधी कळत नाही. संकट आलं की कळतं.

दुसरं उदाहरण गोठ्यातलं. गावचा वळू किती वर्षं ठेवायचा आणि केव्हा बाहेरगावचा आणायचा, हे लाल कंधारी पाळणाऱ्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. एकाच वळूच्या लेकी त्याच्याच खाली गाभण जाऊ लागल्या की कळप खालावतो. वाघांच्या बाबतीत बाहेरगावचा वळू कुणी आणून देत नाही. तो स्वतः चालत यावा लागतो.

तो आला नाही तर काय होतं ते ओडिशाच्या सिमिलीपालमध्ये दिसतं. तिथले वाघ इतर वाघांपासून तुटलेले आहेत. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातल्या उमा रामकृष्णन यांच्या चमूने २०२१ साली दाखवलं, की तिथल्या सुमारे ३७ टक्के वाघांचे पट्टे एका जनुकातल्या बदलामुळे पसरून एकमेकांत मिसळले आहेत. वाघ जवळजवळ काळा दिसतो. पर्यटकांना त्याचं अप्रूप वाटतं. शास्त्रज्ञांना त्यात थोडक्याच पूर्वजांवर चाललेलं, आपापसातच फिरणारं घराणं दिसतं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या प्यूमांची अवस्था याहून वाईट झाली होती. वीस-तीस उरले होते, शेपट्या पिळवटलेल्या, हृदयात दोष, नरांचे वृषण पोटातच अडकलेले. १९९५ साली टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या, तेव्हा ती जमात सावरली.

मध्य भारतातले वाघ त्या टोकाला नाहीत. उलट त्यांची स्थिती बरी आहे, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल बोलायला हवं. २००९ साली सम्राट मोंडल, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या जंगलांतून गोळा केलेल्या वाघांच्या विष्ठेतून डीएनए काढून अभ्यास केला. जगातल्या वाघांच्या जनुकीय विविधतेतला अर्ध्याहून अधिक हिस्सा भारतात आहे, असं त्यातून दिसलं. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट निघाली: द्वीपकल्पातल्या वाघांची संख्या साधारण दोनशे वर्षांपूर्वीपासून कोसळल्याची खूण त्या डीएनएमध्ये आहे. म्हणजे जॉन स्मिथ अजिंठ्याच्या खोऱ्यात उतरला त्याच काळात.

मग या मंडळींनी एक वेगळा दप्तरखाना उघडला. साहेबांनी मारलेल्या वाघांची कातडी आणि कवट्या लंडन आणि एडिंबराच्या संग्रहालयांत पडून आहेत. त्यांतून जुना डीएनए काढून तो आजच्या वाघांशी ताडून पाहिला आणि २०१३ साली निष्कर्ष छापले. जुन्या वाघांत सापडलेले मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे ९३ टक्के प्रकार आजच्या वाघांत आढळलेच नाहीत. ज्यांनी वाघ संपवले त्यांच्याच भिंतीवरच्या शोभेच्या वस्तूंनी, काय संपलं याची साक्ष दिली.

हा ९३चा आकडा इंटरनेटवर बराच फिरला आणि बहुतेक वेळा चुकीचा फिरला. भारतीय वाघांनी ९३ टक्के विविधता गमावली, असा त्याचा अर्थ नाही. मायटोकॉन्ड्रियल डीएनए हा एकूण जनुकसाठ्याचा अगदी छोटा तुकडा, आणि तो फक्त आईकडून येतो. जात्यावरची ओवी आईकडून लेकीकडे जाते तसा. लेक नसली की ओवी तिथेच थांबते. ९३ टक्के म्हणजे इतक्या आजीकडच्या वंशरेषा थांबल्या. पेशीच्या केंद्रातल्या, आई-बाप दोघांकडून येणाऱ्या डीएनएने सांगितलेली गोष्ट वेगळी होती. तिथे ठळक दिसलं ते फुटलेपण. पूर्वी एकमेकांत मिसळणारे वाघ आता वेगवेगळ्या गटांत वाटले गेले आहेत, आणि गटागटांतलं अंतर वाढतंय.

बिबट्याचं वाटतं तितकं निराळं नाही. उसात राहतो, कुत्र्यांवर जगतो, विहिरीत पडतो, त्याला काय धाड भरली आहे, असं आपण समजतो. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सुप्रिया भट्ट, सम्राट मोंडल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात भारतातल्या बिबट्यांचे चार जनुकीय गट दिसले. त्यांतला एक दख्खनच्या पठाराचा आणि कोरड्या प्रदेशाचा, म्हणजे आपल्याकडचा. गेल्या १२० ते २०० वर्षांत बिबट्यांची संख्या ७५ ते ९० टक्क्यांनी घटली असावी, असा त्यांचा अंदाज आहे. बिबट्या सगळीकडे ‘दिसतो’, म्हणून तो भरपूर आहे असं वाटतं, एवढंच.

महाराष्ट्रातल्या वाघांचे आकडे मात्र सुखावणारे आहेत. २००६ च्या गणनेत १०३, २०२२ च्या गणनेत ४४४. पण संख्या आणि विविधता यांचा वेग एक नसतो. शंभराचे चारशे सोळा वर्षांत झाले. थांबलेली वंशरेषा मात्र चारशेच्या चार हजार होऊनही परत येत नाही. उरलेल्या साठ्याची सरमिसळ चालू ठेवणं तेवढं हातात आहे, आणि सरमिसळ म्हणजे वाघाने चालणं.

टिपेश्वर जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. तिथे वाघिणी चांगल्या वितात, बछडे मोठे होतात आणि नरांना जागा उरत नाही. मग ते निघतात. नर लांब जातो, मादी बहुधा आईच्या हद्दीला लागूनच आपली हद्द मांडते. आता हे वरच्या आकड्याशी जोडून बघा. वॉकरच्या पेशींत त्याच्या आईची वंशरेषा आहे, पण नर असल्यामुळे तो ती पुढे देऊ शकत नाही. बाकीची जनुकं देऊ शकतो, पण त्यासाठी वाघीण हवी. ज्ञानगंगेच्या २०५ चौरस किलोमीटरमध्ये बिबटे आहेत, नीलगायी आहेत, रानडुकरं आहेत. वॉकर पोचला तेव्हा तिथे वाघीण एकही नव्हती. ३००० किलोमीटर चालून आणलेला साठा तिथे घ्यायला कुणी नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये त्याची कॉलर काढण्यात आली. त्याच्यासाठी मादी आणून सोडावी का, यावर वनखात्यात चर्चा झाली. फ्लोरिडात नेमकं तेच केलं होतं. पण तिथे मादी सोडायला मोकळी जागा होती. इथे अभयारण्याच्या कडेला लगेच शेतं लागतात.

मार्च २०२१ मध्ये कन्नड-चाळीसगावच्या डोंगरातल्या गौताळा अभयारण्यात एक वाघ कॅमेऱ्यात आला. तोही टिपेश्वरच्या बाजूचा. गौताळ्यात वाघाची नोंद होत होती ती जवळपास ऐंशी वर्षांनी. अजिंठ्याच्या रांगेत, लेण्यांच्या थोडं पलीकडे. तोही नर, तोही एकटा.

मग प्रश्न रस्त्याचा येतो. प्राची थत्ते यांनी सहकाऱ्यांबरोबर मध्य भारतातल्या वाघांवर केलेल्या कामात, दाट वस्ती आणि जड वाहतुकीचे रस्ते जनुकांची ये-जा अडवतात, असं दिसलं. हे वाचून मला बरं वाटलं होतं, कारण याचा अर्थ तुरीचं रान हा अडथळा सगळ्यात मोठा नाही. वॉकरने ते चालून दाखवलंच होतं. पण तो हिंगोली-वाशिमकडून ज्ञानगंगेला गेला तेव्हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग बांधला जात होता. आता तो मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा असा त्या वाटेला आडवा पसरला आहे, दोन्ही बाजूंनी बंदिस्त. प्राण्यांसाठी भुयारी मार्ग केलेले आहेत. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचजवळच्या अशा मार्गांखालून वाघ जाताना कॅमेऱ्यांनी टिपलेही आहेत, म्हणजे उपाय आहे. फक्त पेंचला दोन्ही बाजूंना जंगल आहे, म्हणून तिथे ते कुणीतरी मागितलं. समृद्धीला जोडणारा जालना-नांदेड हा १७९ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातून, चारठाण्याच्याच मुलखातून जायचा आहे. इथे वाघ ‘नाही’, मग त्याच्यासाठी मागणार कोण?

आणि गावकऱ्याने का मागावं, हाही प्रश्न रास्त आहे. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत येते तेव्हा मोटार चालू करायला अंधारात एकट्याने जावं लागतं. वाघ आलाय असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की पाणी द्यायचं राहतं, शेळ्या घराबाहेर काढता येत नाहीत, कापूस वेचायला बाया येत नाहीत. शहरातल्या माणसाने त्यांना वाघावर प्रेम करायला सांगणं उद्धटपणाचं आहे. पण चारठाण्याने वाघ पोसावा असं कुणी म्हणतच नाही. वाघाला इथे राहायचं नाही. त्याला एक-दोन रात्रींत पुढे जायचं असतं. त्यासाठी ओढ्याकाठची झाडं, गावाचं गायरान, पाझर तलावाच्या पाठीमागचं काटवन एवढं पुरतं. ओढा बुजवून सरळ केला, गायरानावर अतिक्रमण झालं, की वाघाआधी गावच्या गुरांचं आणि विहिरींच्या पाण्याचं नुकसान होतं. वाघाच्या आणि गावाच्या गरजा इथे विरोधात नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ दिसला. अभयारण्य केवढं, तर सुमारे २२ चौरस किलोमीटर. एका नर वाघाच्या हद्दीलाही न पुरणारं. हा तरुण नरही टिपेश्वरचाच निघाला, ओळख पटली ती अंगावरच्या पट्ट्यांवरून. अंतर साडेचारशे ते पाचशे किलोमीटर. पुढे बार्शीच्या बाजूला जनावरं मारली गेली, लोक घाबरले, त्याला पकडायला ताडोबाहून पथक आलं. त्या सगळ्या गोंधळात एका साध्या गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. टिपेश्वर गोदावरीच्या उत्तरेला आहे आणि येडशी दक्षिणेला. म्हणजे कुठल्यातरी रात्री, कुठल्यातरी गावाच्या शिवारातून, तो गोदावरी ओलांडून पलीकडे गेला होता.